दोरावरचा शाळेचा हात

प्रवासाहून परत आलो की चार मित्रांना घरी बोलवायचं, चहा पाजायचा आणि हकिगत ऐकवायची, हा माझा जुना रोग आहे. जालना जिल्ह्यातून परतलो त्याला तीन आठवडे झाले, अजून कुणालाही बोलावलेलं नाही. बायकोने विचारलं, "कसं झालं तिकडे?" मी म्हणालो, "ऊन फार." तिने माझ्याकडे एकदा नीट पाहिलं आणि विषय सोडून दिला. बरीच वर्षं संसार केलाय तिने माझ्याशी.

तोंडाने सांगायचं धाडस होत नाही, म्हणून लिहितो आहे. कागद निदान मध्येच हसत तरी नाही.

मी पुण्यात एका कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवतो. आपला एक माणूस अंतराळात जाऊन आला त्याला वर्ष उलटून गेलं होतं. त्या उत्साहात एका मंडळाने गावोगावी व्याख्यानं ठरवली आणि माझ्या वाट्याला शहागड, तीर्थपुरी आणि धावडा अशी तीन गावं आली. सोबत स्लाइड प्रोजेक्टरची लोखंडी पेटी, गळ्यात नवा कॅमेरा. छापील पत्रकं टपालाने आधीच पुढे गेली होती. विषय होता, सरकारने माणसाला अवकाशात पाठवण्यावर खर्च का करावा. आणि वर ठळक अक्षरांत माझंच वाक्य: 'यंत्र पुरेसं नाही, माणूसच हवा!' ते उद्गारचिन्ह मी हट्टाने घालायला लावलं होतं.

शहागड

मे महिन्यातली गोदावरी म्हणजे वाळूच जास्त. पुलाखाली पाण्याचा एक पट्टा, त्यात म्हशी, आणि वर हॉर्न वाजवत जाणारे ट्रक. ज्या ढाब्यावर माझी सोय होती तिथे बाजेवर बसवून मला भाकरी, शेंगदाण्याची चटणी आणि येसर वाढलं. येसर म्हणजे भाजलेल्या धान्याचं आणि मसाल्याचं पीठ. त्याची लालभडक आमटी करतात. मी ती आमच्याकडच्या आमटीसारखी वाटी तोंडाला लावून प्यालो. पुढची दहा मिनिटं मी काहीच बोललो नाही, आणि खरं तर त्या दिवशी तेवढंच शहाणपणाचं झालं.

शाळा बंद होती, म्हणून व्याख्यान ढाब्यामागच्या पांढऱ्या भिंतीवर. समोर वीसेक ट्रकवाले. मी अवकाशयानाचा वेग सांगितला, उंची सांगितली, इंधन किती लागतं ते सांगितलं. शेवटी ढाबेवाला खांद्यावरचा टॉवेल सारखा करत उठला.

"सर, समदं बराबर हाये. पण तो खाली आल्यावर काय म्हणला? काय दिसलं त्याला?"

मी पुन्हा उंची सांगितली.

"ते तुम्ही मोजलं हो. त्यानं काय बघितलं ते सांगा की."

मला माहीत नव्हतं. एवढं वाचून गेलो होतो, पण त्या माणसाने काय पाहिलं हे नीट वाचावं असं काही मला सुचलं नव्हतं. वीस माणसं वाट बघत होती. मी हात वर केला आणि म्हणालो, "हा तुमचा पूल. वरून त्याला शहागडचा पूल दिसला."

एक ट्रकवाला उठून रस्त्यावर गेला, कमरेवर हात ठेवून पुलाकडे बघून आला आणि म्हणाला, "बिलकुल दिसणार. केवढा मोठा हाये."

ढाबेवाल्याने जेवणाचे पैसे घेतले नाहीत. येसरसुद्धा सकाळपर्यंत पचलं. ते फुकटचं जेवण अजून पचलेलं नाही.

तीर्थपुरी

बाजाराचं गाव. मुक्काम एका शेठजींकडे. घराणं मूळचं राजस्थानचं, पण चार पिढ्या इथेच गेलेल्या. घरात बायकांशी मारवाडी, पेढीवर अस्सल मराठवाडी. जेवायला दाल-बाटी, बाटी फोडून तिच्यावर तुपाची धार धरलेली, आणि "बस" म्हटलं की शेठजींना ते ऐकूच जात नसे. आमच्याकडे "अजून घ्या" दोनदा म्हणतात आणि तिसऱ्यांदा पातेलं झाकतात. इथे झाकणच दिसलं नाही.

शेठजींचा माझ्या विषयाला विरोध होता, आणि तो त्यांनी तूप वाढता वाढता मांडला.

"मशीन पाठवा ना सर. मशीन खात न्हाई, आजारी पडत न्हाई, घरी बायको वाट बघत न्हाई. माणसाचा खर्चा कशाला? तेवढ्यात इथं काय काय होईल."

प्रश्न चांगला होता, त्यासाठी मी तयारही होतो. अवकाशात माणूस पाठवल्यामुळे रोजच्या वापरातल्या किती वस्तू मिळाल्या त्याची यादी मला तोंडपाठ होती. रंगात आलो की माझी यादी आपोआप वाढते. पेढीवर चहाचा थर्मास होता. मी तो उचलून वर धरला.

"हा थर्मास! हासुद्धा अंतराळवीरांसाठीच शोधला गेला. तो खर्च झाला नसता तर आज तुम्हाला गरम चहा मिळाला नसता."

शेठजींनी थर्मास माझ्या हातातून अलगद काढून घेतला आणि त्याच्या बुडाची धूळ धोतराने पुसली.

"हा माझ्या आजोबांनी हैदराबादहून आणल्ता," ते म्हणाले. "निजामाच्या राज्यात." मग चहा ओतत, अगदी प्रेमाने, "घ्या. गरम हाये अजून."

संध्याकाळच्या व्याख्यानाला ते पहिल्या रांगेत बसले होते. मी यादी वाचलीच नाही. व्याख्यान सतरा मिनिटांत आटपलं. उरलेला वेळ भरायला मी शहागडच्या पुलाची गोष्ट पुन्हा सांगितली. या खेपेला त्या माणसाला पुलावरचे ट्रकही दिसले.

धावडा

जालन्याला गाडी बदलली, भोकरदनला आणखी एकदा. पुढे रस्ता अजिंठ्याच्या डोंगराकडे सरकत जातो. उन्हात डोंगर असा करडा पडलेला की चुलीतून काढून ठेवल्यासारखा. स्टँडवर घ्यायला शाळेचे गुरुजी आले होते. किडकिडीत, मृदू बोलणारे, हर्नियाचं ऑपरेशन नुकतंच झालेलं, तरी माझी लोखंडी पेटी उचलायला धावले. मी उचलू दिली नाही. या सबंध प्रवासात माझ्या हातून घडलेलं एवढंच एक बरं काम, म्हणून मुद्दाम नोंदवून ठेवतो.

चहाला सरपंच होते, चार-पाच गावकरी होते, आणि कोपऱ्यात गुडघ्यांना हाताचा विळखा घालून बसलेले किसनतात्या. वय पन्नाशीचं, अंगाने बारीक, केसांत गवताची काडी. पुलाची गोष्ट एसटीवाल्यांच्या तोंडून गुरुजींना आधीच कळली होती. त्यांनी विचारलं आणि मी सुटलो. पूल दिसला, ट्रक दिसले, अजिंठ्याचा डोंगरसुद्धा दिसला.

"डोंगर दिसला म्हंजी धावडं बी दिसलं असंल," किसनतात्या म्हणाले.

"म्हणजे काय! दिसलंच."

ते नुसते हसले, आणि केसांतली काडी काढून टाकली. परगावी कुणी आपली विचारपूस केली असं कळल्यावर माणूस हसतो, तसं हसू होतं ते. त्या रात्री झोपताना ते मला आठवलं आणि मी कूस बदलली.

दुसऱ्या दिवशी गावच्या पिण्याच्या विहिरीचा गाळ काढायचा होता. सकाळी सगळं गाव विहिरीवर. दोन वर्षं झाली, झरा आटत चालला होता; या उन्हाळ्यात तर तळाला पायलीभर पाणी आणि बाकी चिखल. झरा मोकळा झाला नाही तर पाऊस पडेपर्यंत डोंगराखालच्या ओढ्यातून डोक्यावर पाणी आणायचं, एवढं सरळ होतं सगळं. दरसाल किसनतात्याच आत उतरत. पण यंदा काठाचे दगड सुटलेले, म्हणून सरपंचांनी दुसरा विचार काढला होता.

"भोकरदनचा इंजनवाला यायला तयार हाये आठ दिवसांनी," ते म्हणाले. "वरूनच गाळ ओढून देतो. माणूस काहून घालायचा आत? काय म्हणता सर?"

मला विचारलं गेलं याचाच मला आनंद. "अगदी बरोबर! या जमान्यात माणसाचा जीव कशाला धोक्यात घालायचा? यंत्राने होतं ते यंत्राने करावं."

किसनतात्यांच्या बायकोने, गयाबाईंनी, कमरेवरची घागर खाली ठेवली.

"गुरुजी, देवळाच्या भिंतीवर सरांचा कागद लावलाय ना? काय लिव्हलंय त्याच्यावर, वाचा की जरा."

गुरुजींनी माझ्याकडे पाहिलं, जमिनीकडे पाहिलं आणि हळू आवाजात म्हणाले, "यंत्र पुरेसं नाही, माणूसच हवा."

"लई हळू वाचलं गुरुजी," गयाबाई म्हणाल्या. "मी पोरीकडून वाचून घेतलं तवा ती वरडून म्हणली. पुढं काडी हाये म्हणं." मग माझ्याकडे वळून, "मंग सर, वर जाणाऱ्याला येक कागद आन् खाली उतरणाऱ्याला दुसरा, असं हाये का?"

गाव हसलं. मीही हसलो, कारण दुसरं काय करणार. व्याख्यानाचे चाळीस मिनिटांचे मुद्दे डोक्यात होते आणि त्यातला एकही त्या घागरीसमोर उभा राहीना.

किसनतात्यांनीच सोडवलं. "इंजन गाळ काढतंय, त्याला न्हाई कोण म्हणतं? पण झरा कुठं अडला ते इंजनाला काय ठावं? विचारलं तर धूर सोडंल तोंडावर." सदरा काढून त्यांनी गुरुजींच्या हातात दिला. "आधी मी बघून येतो. मंग बोलवा तुमचं इंजन."

इथली एक रीत सांगायला हवी. गाळाच्या दिवशी गावातल्या प्रत्येक घराचा एक हात दोराला लागतो. ज्यांच्या शेतात स्वतःची विहीर आहे त्यांचाही. एक नव्वदीची म्हातारी आली होती, तिला काठी टेकून उभंही राहवत नव्हतं. तिने दोरावर नुसते दोन क्षण बोटं टेकवली आणि परत गेली. ओढायचा जोर पुढच्या सहा जणांचा. बाकीचे मागे रांगेत. आणि उतरणाऱ्याच्या घरचा हात सगळ्यात शेवटी, जिथे दोराचं टोक चिंचेच्या बुंध्याला वेढा घालून धरतात तिथे. ती चिंच किसनतात्यांच्या बांधावरची, दोघांच्या कवेत मावणार नाही अशी. शेवटच्या वेढ्याशी गयाबाई उभ्या राहिल्या. आता त्या थट्टा करत नव्हत्या.

आमच्याकडे नळ आहे. तो गेला की आम्ही तक्रारीचा अर्ज करतो आणि दुसऱ्याने केला आहे असं कळलं तर आपला फाडून टाकतो.

"शाळेचा हात?" सरपंचांनी हाक दिली. गुरुजी पुढे झाले. त्यांचं ऑपरेशन सगळ्यांना ठाऊक होतं. "गुरुजी नको. सर शाळेतच उतरलेत, शाळेचा हात सरांचा." पाहुणा म्हणून मला पुढच्या सहांत, दुसऱ्या जागी उभं केलं. माझ्या मागे सरपंच.

आधी कंदील सोडला. तो खाली जळत राहिला, म्हणजे हवा चांगली. मग लाकडी पाळण्यात बसून किसनतात्या उतरले. दोर हातातून सरकत होता, तळवे भाजत होते, आणि मला जन्मात पहिल्यांदा एका माणसाचं वजन हाताला कळत होतं. खालून आवाज येई: "सोडा... सोडा... थांबा." मग बराच वेळ काहीच नाही. पन्नास माणसं विहिरीकडे कान लावून उभी. नुसतं पाण्यात काहीतरी चाचपल्याचा आवाज. मग: "वढा!"

आम्ही ओढलं. आणि काठापासून पुरुषभर खाली त्यांचा चेहरा उन्हात आला. चिखलाने माखलेला, डोळे मिचकावणारा, वर बघणारा. मला वाटलं, वा! काय फोटो आहे! व्याख्यानाची पहिली स्लाइड! माणूसच हवा!

मी दोर सोडला.

नुसता सोडला नाही. चेहरा बरोबर चौकटीत यावा म्हणून एक पाऊल मागे आलो, ते सरपंचांच्या अंगठ्यावर. ते ओरडले आणि त्यांचाही हात सुटला. दोर सर्रकन गेला. पाळणा खाली गेला, झुलला आणि काठाच्या दगडावर आपटला. मागून गयाबाईंची किंकाळी आली, पण त्यांनी हातातला वेढा सोडला नाही. दोर चिंचेच्या बुंध्यावर करकचला आणि थांबला. बाकीच्यांनी झेप घालून तो धरला. मी कॅमेरा डोळ्याला लावून उभा होतो. खटका दाबला गेला होता.

किसनतात्या वर आले तेव्हा खांद्यापासून कोपरापर्यंत सालटं निघालेलं आणि हात लोंबता. मी "तात्या, मी..." असं काहीतरी म्हणालो. माझ्याकडे कुणी बघत नव्हतं. सगळे त्यांच्याभोवती बसले आणि एकदम विचारायला लागले, "काय दिसलं? झरा हाये का? जिता हाये का?"

त्यांनी गयाबाईंच्या हातातलं पाणी घेतलं. प्यायले. मग चिंचेकडे बघितलं.

"झरा जिता हाये," ते म्हणाले. "उगवतीच्या अंगाला. मुळ्या शिरल्यात त्याच्या तोंडात. मनगटाएवढ्या." थोडं थांबून, "चिंचेच्या. आपल्याच."

ती चिंच त्यांना दरसाल गाडीभर चिंच देत होती, हे मला नंतर गुरुजींनी सांगितलं. ती मुळासकट काढल्याशिवाय झरा मोकळा व्हायचा नाही. आणि तळाला त्या अंधारात बघायला दुसरं कुणीही नव्हतं. ते वर येऊन म्हणाले असते, "झरा आटला," तर गावाने मान हलवली असती आणि ओढ्याची वाट धरली असती.

मी विहिरीच्या काठावर बसलो. माझ्या खिशात एक पूल होता, वीसेक ट्रक होते, एक डोंगर आणि एक सबंध गाव होतं. ह्यातलं काहीही कुणी पाहिलं नव्हतं.

संध्याकाळचं व्याख्यान रद्द होईल अशी मला आशा होती. झालं नाही. दिवेलागणीला देवळाच्या मंडपात पांढरं धोतर ताणून बांधलं, आणि पहिल्या रांगेत किसनतात्या, हात हळद लावून झोळीत बांधलेला. मी स्लाइड दाखवल्या. पृथ्वीची आली तेव्हा तात्या पुढे झुकले.

"ह्याच्यात धावडं कुठं हाये, सर?"

मी प्रोजेक्टरच्या उजेडात होतो. लपायला जागा नव्हती.

"नाही, तात्या. धावडा दिसला की नाही मला माहीत नाही. पूलसुद्धा नाही. तो माणूस असं काही म्हणालेला नाही. मी बनवून सांगितलं."

गयाबाई मागून म्हणाल्या, "अगं बाई!" आणि पदर तोंडाला लावला.

तात्यांनी बराच वेळ त्या निळ्या गोळ्याकडे बघितलं. मग म्हणाले, "मंग येक सांगा. वर गेल्ता त्याचा दोर कुणी धरल्ता?"

हा प्रश्न मला तीन गावांत कुणी विचारला नव्हता, आणि खरं म्हणजे व्याख्यान एवढंच होतं. मी म्हणालो, "आपण सगळ्यांनी. काडेपेटी घेतो त्यातसुद्धा सरकारचा कर असतो. तेवढी बोटं सगळ्यांची टेकलेली असतात."

"म्हातारीची बी?"

"म्हातारीचीही."

"आन् तुमची बी?" किसनतात्या म्हणाले.

असा हशा मी आयुष्यात ऐकलेला नाही. सरपंच सुजलेला अंगठा धरून हसत होते. गुरुजी ऑपरेशनचे टाके धरून हसत होते. किसनतात्याही हसत होते, आणि हसताना खांदा दुखला की "आई गं" म्हणून पुन्हा हसत होते. मी प्रोजेक्टर बंद केला, तरी अंधारात ते चालूच होतं.

आता घरी बसून मी ते व्याख्यान पुन्हा लिहिलं आहे. थर्मास काढला. वस्तूंची यादीच काढली. शेठजींना मात्र उत्तर लिहून पाठवलं: यंत्र मोजून आणतं आणि ते हवंच, पण जिथे कुणी गेलेलं नाही तिथे जाऊन आपल्यातलाच एखादा परत येतो आणि काय आहे ते खरं सांगतो, मग ते त्याला स्वतःला महाग का पडेना, त्यासाठी सगळ्यांनी मिळून दोर धरावा असं मला वाटतं. तो एकट्याने धरता येत नाही आणि एकट्याने सोडायचाही नसतो. हे मला कुठल्या पुस्तकातून कळलं ते लिहिलं नाही.

फोटो धुऊन आला. त्यात किसनतात्या नाहीत. काठाचे दगड, ताणलेला दोर, त्यावर झेप घेणारे हात, आणि पुढून दुसऱ्या जागी कुणीच नाही. एक प्रत मी धावड्याला पाठवली, सोबत दोन पानी माफी. काल गुरुजींचं पोस्टकार्ड आलं.

'सप्रेम नमस्कार. तात्यांचा हात बरा आहे. चिंच मुळासकट काढली. झऱ्याला पाणी आलं, गोड आहे. आपला फोटो शाळेत लावला आहे. तात्यांनी निरोप सांगितला आहे तो त्यांच्याच शब्दांत देतो: पुढल्या वैशाखात पुन्हा उतरायचंय. आता दोर गुंडाळायला बुंधा राह्यला न्हाई, येक हात जास्त लागंल. सरांना म्हणावं, या. शाळेची जागा ठिवलीय. कॅमेरा घरी ठेवून या.'